सभेच्या दिवसाची मजुरी

लोणंदचा कांदाबाजार ज्यांनी पाहिला नसेल त्यांना ही गोष्ट नीट समजायची नाही, म्हणून आधी बाजाराचेच सांगतो. लिलावाच्या दिवशी पहाटेपासून ट्रॅक्टर आणि टेम्पो येऊन उभे राहतात. खंडाळा, फलटण तालुक्यांतला आणि नीरा नदीपलीकडचाही माल येतो. कांदा उतरवायचा, ढीग लावायचे, लिलाव झाला की गोण्या भरायच्या, तोलायच्या, तोंडे शिवायची आणि पुन्हा गाडीत चढवायच्या. हे काम हमालांच्या टोळ्या करतात. मी ज्या टोळीबद्दल सांगणार आहे तिचा हिशेब सोपा आणि कडक होता. दिवसभरात जेवढ्या गोण्या हलल्या तेवढ्यांचे पैसे मुकादमाकडे जमायचे आणि संध्याकाळी जेवढी माणसे हजर होती तेवढ्यांत ते वाटले जायचे. जो आला नाही त्याला वाटा नाही. मग तो आजारी असो, मयतीला गेलेला असो, नाहीतर कॉलेजच्या मीटिंगला.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा कॉलेजच्या मीटिंगला गेला होता. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कॉलेजचेही नाही. आमच्या भागातले एक कॉलेज, एवढे पुरे. वडील त्या टोळीत हमाल. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आणि लिलावाच्या दिवशी वर्ग चुकवून वडिलांच्या बरोबरीने गोण्या उचलणारा. पोर हुशार, जरा अबोल. त्या वर्षी विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष म्हणून त्याचे नाव लागले. निवडणूक झालेली नव्हती. आपल्या राज्यात कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका मारामाऱ्यांमुळे बदनाम झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्या बंद होऊन गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या नव्या कायद्याने निवडणुका पुन्हा लिहून ठेवल्या, २०१९-२० या वर्षासाठी त्या जाहीरही झाल्या, मग पुढे ढकलल्या गेल्या, आणि त्यानंतर कोरोना आला. तेव्हा आमच्या या पोराला प्राचार्यांनी बोलावून सांगितले, तू अध्यक्ष. त्याचे वडील मला येऊन म्हणाले, "मास्तर, पोरगं साहेबलोकांत बसणार हाय. आनखी काय पायजे?"

साहेबलोकांत बसणे म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. १९९४ च्या कायद्यात कॉलेजची स्थानिक व्यवस्थापन समिती होती, तीत संस्थेचे पदाधिकारी, शिक्षक, शिक्षकेतर सेवक असत. विद्यार्थ्याला तिथे खुर्ची नव्हती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला, आणि त्याच्या ९७ व्या कलमाने महाविद्यालय विकास समिती आली. या समितीत संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, प्राचार्य, निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर सेवकांचा प्रतिनिधी, संस्थेने नेमलेली स्थानिक मंडळी आणि त्यांच्या जोडीला विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष व सचिव. वर्षातून किमान चार सभा. कॉलेजचा विकास आराखडा, नवे अभ्यासक्रम, अंदाजपत्रक, शिस्त आणि सुरक्षितता हे सगळे विषय तिथे येतात. म्हणजे जे निर्णय विद्यार्थ्याच्या खिशावर आणि वेळापत्रकावर पडतात, त्यांच्या चर्चेत आता विद्यार्थी बसतो. ही लहान गोष्ट नाही. कलमात सभासदांची यादी आहे, सभांची संख्या आहे, कामांची यादी आहे. विद्यार्थी सभासदाच्या मोबदल्याचा शब्द मला त्यात सापडला नाही.

पहिली सभा नेमकी लिलावाच्या दिवशी आली. पोरगा गेला. दुपारच्या वर्गांची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घ्यावी, वाड्यावस्त्यांवरच्या मुलांची एस.टी. चुकते, हा मुद्दा त्याने मांडला. अध्यक्षांनी ऐकून घेतले, इतिवृत्तात नोंद झाली. संध्याकाळी टोळीच्या वाटपात त्याचा वाटा नव्हता. दुसरी सभाही लिलावाच्याच दिवशी, आणि तेव्हा हंगाम ऐन भरात होता. वडिलांची कंबर धरलेली. तो सभेला गेला नाही. इतिवृत्तात लिहिले गेले, विद्यार्थी प्रतिनिधी अनुपस्थित. त्याच सभेत एका नव्या शुल्काची शिफारस झाली आणि महिन्याभराने ते मुलांना समजले. मुलांनी त्याला गाठून विचारले, "तू कुठं होतास?" त्याने खरे उत्तर दिले. त्यावर एकजण म्हणाला, "मग अध्यक्ष कशाला झालास?"

हे मला कळले तेव्हा मी एक गोष्ट केली आणि तिचा मला आजपर्यंत पस्तावा आहे. मी निवृत्त शिक्षक, प्राचार्य माझ्या ओळखीचे. सज्जन माणूस. मी त्यांना सांगितले की त्या पोराची सभेच्या दिवशी मजुरी बुडते, काहीतरी सोय करा. त्यांना ते मनापासून पटले. कॉलेजच्या खर्चात असे खाते नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातून पाचशे रुपये पाकिटात घालून तिसऱ्या सभेआधी त्याच्या हातात दिले, कोणाला न दाखवता. पोरगा सभेला गेला. विषयपत्रिकेवर ते शुल्क पुन्हा होते. तो दोन तास बसला आणि एक शब्द बोलला नाही.

नंतर मी विचारले तेव्हा म्हणाला, "चाचा, ज्यांच्या खिशातले पैसे माझ्या खिशात, त्यांच्यासमोर त्यांच्या विरुद्ध कसा बोलू?"

म्हणजे पैसे दिले नाहीत तेव्हा तो सभेतून गेला, आणि पैसे दिले तेव्हा त्याचा आवाज गेला. मी बरेच दिवस या गोष्टीभोवती फिरतो आहे. विद्यार्थी प्रतिनिधीला मोबदला असावा का हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. चार सभांचे काय ते पैसे! पण त्यात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्यांच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचे पोट कोणी भरावे?

आपल्याकडे याचे ठरलेले उत्तर आहे: सेवेचे पैसे घ्यायचे नसतात. आपण खिदमत म्हणतो, कोणी समाजकार्य म्हणतो. या उत्तरामागची भावना मी कमी लेखत नाही. पण त्या सभेच्या टेबलाभोवती कोण कोण बसले होते ते पाहू. प्राचार्य आणि शिक्षक त्या दोन तासांत पगारावर होते. सभा हा त्यांच्या नोकरीचाच भाग. शिक्षकेतर सेवक पगारावर. संस्थेचे अध्यक्ष गाडीतून आले होते, त्यांची शेती आणि धंदा त्या दिवशी गड्यांच्या आणि मुलांच्या हातून चालूच होता. स्थानिक सभासदांत एक डॉक्टर होते, त्यांनी दवाखाना दुपारी बंद ठेवला असेल, पण त्यामुळे त्यांच्या घरी रात्रीचे जेवण कमी झाले नाही. त्या खोलीत त्या वेळेची किंमत रोख मोजणारा माणूस एकच होता आणि तो वयाने सर्वांत लहान होता. बाकीच्यांची सेवा त्यांना फुकट पडत होती. त्याची त्याला पडत नव्हती. सगळ्यांनी चहा मात्र सारखाच घेतला.

मानधन हा शब्दच पाहा. मानाचे धन. म्हणजे माणसाला मान आधी आहे, धन त्याच्या शेपटासारखे. ज्याचे पोट दुसरीकडे भरते त्याला मानधन शोभते. हमालाच्या पोराला मान चालतो, पण त्याला हवी असते बुडालेली मजुरी. मजुरी म्हटले की सभेची प्रतिष्ठा कमी होते असे ज्यांना वाटते, त्यांनी मजुरी या शब्दाकडे आपण कसे पाहतो हे एकदा तपासावे. आपल्यापैकी किती जणांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी मजुरीखेरीज दुसरे उत्पन्न होते?

हजरत अबू बक्र (रजि.) यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. खलीफा झाल्यानंतर ते कापडाचे गठ्ठे घेऊन नेहमीप्रमाणे बाजाराकडे निघाले. हजरत उमर (रजि.) यांनी वाटेत अडवले, आता राज्याचा भार तुमच्यावर आहे आणि तुम्ही बाजारात कसे? त्यांनी उलट विचारले, मग माझ्या घरच्यांनी खायचे काय? त्यावर सर्वांनी मिळून बैतुलमालमधून त्यांच्यासाठी साध्या माणसाच्या खर्चाइतकी रक्कम ठरवली. अखेरच्या दिवसांत त्यांनी ती परत करायला सांगितली, हा गोष्टीचा दुसरा भाग. आपले वक्ते हा दुसरा भाग आवाज चढवून सांगतात आणि पहिला घाईने उरकतात. मला पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. इतक्या मोठ्या माणसालाही बाजार आणि कारभार एकाच दिवशी जमणार नाही, हे लोकांनी ओळखले आणि त्यांच्यावर त्यागाची सक्ती केली नाही. परत करणे ही त्यांची मर्जी होती. ठरवून देणे ही लोकांची जबाबदारी होती.

फिक्हमध्येही हा वाद झालेला आहे. कुरआन शिकवण्याचे, इमामतीचे पैसे घ्यावेत का? जुन्या हनफी आलिमांनी नाही म्हटले. नंतरच्यांनी परवानगी दिली, कारण त्यांना दिसले की मोबदला नसेल तर ते काम करणारेच उरणार नाहीत. वक्फच्या मुतवल्लीचेही तसेच. वाकिफने काही ठरवून ठेवले नसेल तर न्यायालय मुतवल्लीचा मेहनताना ठरवू शकते, उत्पन्नाच्या एक-दशांशापर्यंत, असा आपल्याकडचा कायदा सांगत आला. यात मुतवल्लीचा अपमान कोणाला वाटला नाही. खरे तर उघड, ठरलेला मेहनताना घेणाऱ्या मुतवल्लीपेक्षा "मी एक पैसा घेत नाही" असे सांगणाऱ्याकडे मी जास्त सावधपणे पाहतो. दर्ग्याच्या किती जमिनी अशा फुकट सेवा करणाऱ्यांच्या नावावर गेल्या, हे ज्या त्या गावाने आपापल्या सातबाऱ्यावर पाहून घ्यावे.

विद्यार्थी प्रतिनिधीचेही असेच होते. मोबदला नाही म्हणजे त्याला काही मिळत नाही असे नाही. त्याला दाखला मिळतो, शिफारसपत्र मिळते, प्राध्यापकांची ओळख मिळते, एखाद्या पुढाऱ्याच्या गाडीत जागा मिळते. पुढे नगरपंचायतीचे तिकीटही मिळू शकते. हा सगळा मोबदलाच आहे, फक्त तो उधारीवर आहे आणि त्याची पावती नसते. ज्याला दोन-चार वर्षे थांबता येते त्यालाच तो परवडतो. ज्याला संध्याकाळी पीठ आणायचे आहे तो या व्यवहारात उभाच राहू शकत नाही.

इथे विद्यार्थी परिषदेच्या सचिव मुलीबद्दल सांगायला हवे. तीही सभासद होती. ती लोणंदपासून आत एका वस्तीवरून यायची. तिची मजुरी बुडत नव्हती, पण सभा पाच वाजता सुरू व्हायची आणि तिची गाडी साडेपाचला होती. पहिल्या सभेनंतर तिचा भाऊ कोणाची तरी मोटारसायकल मागून आणून तिला न्यायला आला. घरी काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही. पुढच्या सभेपासून ती तब्येतीचे कारण सांगायला लागली. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, चांगलेच झाले, पण सुटून गेलेल्या गाडीचे अर्धे तिकीट काय कामाचे? म्हणून मोबदला म्हणताना मी केवळ नोटा मोजत नाही. सभेची वेळ, घरी पोचवण्याची सोय हाही मोबदल्याचाच भाग आहे. आणि या दोघांपेक्षा मला त्यांची काळजी जास्त वाटते, जे नाव पुढे आले तेव्हा "नको सर, घरी काम असतं" म्हणून मागे सरले. सभेला गैरहजर राहणाऱ्याची नोंद इतिवृत्तात होते. जो यादीत आलाच नाही त्याची नोंद कुठल्या वहीत होते?

हे दुखणे जुने आहे. इंग्लंडमध्ये १८३८ साली चार्टिस्ट चळवळीच्या कामगारांनी ज्या सहा मागण्या मांडल्या त्यांत मतदानाच्या हक्काबरोबर एक मागणी अशी होती की पार्लमेंटच्या सभासदांना पगार द्या. श्रीमंतांना हे हास्यास्पद वाटले. सभासदाला पगार कशाला, त्याच्याकडे जमीन नाही का? ज्याच्याकडे नाही त्याला निवडून द्यायचे आहे, हेच तर ते सांगत होते. पुढे कामगार संघटना वर्गणी काढून आपल्या सभासदांचा खर्च चालवू लागल्या. १९०९ मध्ये एका खटल्यात न्यायालयाने संघटनांना तसा पैसा खर्च करायला मनाई केली, आणि दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, सरकारी तिजोरीतून सभासदांना वर्षाला चारशे पौंड सुरू झाले. मागणीपासून अंमलबजावणीपर्यंत ७३ वर्षे. आपल्या संसदेने ती वाट पाहिली नाही. खासदारांच्या वेतनाचा कायदा १९५४ मध्येच झाला. आज सरपंचालाही मानधन आहे. खासदारांनी स्वतःचे पगार किती वाढवून घेतले हा वेगळा विषय आहे. त्यावर चिडणारे लोक पुष्कळ आहेत, मीही आहे. पण पगार नसता तर तिथे कोण बसले असते याचा विचार चिडताना करावा.

आता माझ्या चुकीकडे येतो. प्राचार्यांचे पाकीट आणि १९११ चे चारशे पौंड यांत फरक काय? दोन्ही पैसेच. फरक असा की एक कोणाच्या तरी हातून आले, दुसरे नियमातून. हा फरक आपल्या मातीत ज्याने सर्वांत स्पष्ट पाहिला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे बिल मांडले. महार वतनदार सरकारची कामे करायचा, पण त्याचे बलुते गावकऱ्यांच्या दारात जाऊन घ्यावे लागायचे. गावकरी नाराज झाला की बलुते बंद. काम सरकारचे, पोट गावाच्या हातात. मग तो गावाविरुद्ध तोंड कसे उघडणार? बाबासाहेबांचे म्हणणे होते की या बलुत्याचे रोख पैशांत रूपांतर करा, ते सरकारने वसूल करावे आणि सरकारने द्यावे. रकमेइतकाच प्रश्न पैसा कोणाच्या हातून येतो याचा होता. आपल्यातल्या मुलाणी घराण्यांना बलुत्याची ही बाजू समजावून सांगायला नको. सुगीत खळ्यावर पदर पसरून उभे राहणे म्हणजे काय, ते आपल्या आज्यांना माहीत होते. ते हक्काचे होते असे कागदावर म्हणायचे. हातात पडताना ते भिकेसारखे पडायचे.

आणि मजा म्हणजे, हमालांनी हा प्रश्न कॉलेजांच्या कितीतरी आधी सोडवला. १९६९ चा माथाडी कायदा घ्या. त्यामागचे नेते अण्णासाहेब पाटील आपल्याच सातारा जिल्ह्यातले. या कायद्याची कल्पना अशी की व्यापाऱ्याने हमालीचे पैसे आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि कामगाराला ते मंडळाने द्यायचे. भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना त्यातूनच. व्यापाऱ्याने खूश होऊन जास्त द्यायचे नाहीत आणि रागावून अडवायचे नाहीत. या कायद्याची अंमलबजावणी कुठे झाली, कुठे कागदावर राहिली, यावर पुष्कळ बोलता येईल. पण विचार पक्का होता. ज्या पोराचा बाप पाठीवर गोणी वाहतो, त्या बापासाठी राज्याने जो विचार पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी केला तो पोराच्या खुर्चीसाठी करायला काय हरकत आहे?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. विद्यार्थी प्रतिनिधीला सभेच्या दिवसाचा, आणि सभेआधी मुलांशी बोलायला लागणाऱ्या एका दिवसाचा मोबदला मिळावा. तो कॉलेजच्या हातून येऊ नये. कॉलेजांनी ठरलेली रक्कम विद्यापीठाकडे भरावी आणि विद्यापीठाने ती थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात टाकावी. आमच्याकडे ते विद्यापीठ म्हणजे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. वर्षाच्या चार सभांचे आठ दिवस. समजा दिवसाचे पाचशे धरले तर एका प्रतिनिधीचे चार हजार, दोघांचे आठ. यावर कोणी परवडत नाही म्हणेल तर त्याने कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाचे बिल आधी दाखवावे.

एक सुचवणी मला अनेकांनी केली: गरीब मुलांनाच द्या, बागायतदाराच्या पोराला कशाला? ऐकायला न्यायाची वाटते. पण मग सभेला बसण्याआधी एकाने तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणायचा आणि दुसऱ्याने नाही. एकाच टेबलावर एक प्रतिनिधी आणि एक लाभार्थी बसणार. लाभार्थी हळू आवाजात बोलतो, हे मी चाळीस वर्षे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून घेताना पाहिले आहे. सर्वांना सारखे द्यावे. ज्याला नको असेल त्याने ते ग्रंथालयाला द्यावे, तीही त्याची मर्जी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट मंडळावर १९७५ पासून एक विद्यार्थी बसतो, इतरांसारखे मत देतो, आणि त्या काळातली त्याची फी माफ असते. तो कोणाचा मुलगा आहे असे तिथे विचारत नाहीत. आपल्याकडे फी माफ करून भागणार नाही, कारण हमालाच्या पोराचे नुकसान फीच्या खात्यात होत नाही, ते बाजारात होते.

पैशांसाठी पोरे पदाला चिकटतील, ही भीती मला पटत नाही. चार हजारांसाठी चिकटणारा पोरगा मी समजू शकतो. फुकटच्या पदाला वर्षानुवर्षे चिकटलेली मोठी माणसे पाहिली की मला जास्त भीती वाटते.

कर्मवीरांच्या जिल्ह्यात राहून मी पैशांची भाषा करतो याचा काहींना राग येईल. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांचे वसतिगृह उभे राहिले, ते सर्व जातिधर्मांच्या मुलांचे. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. १९४७ च्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मुले श्रम करून शिकली. मला वाटते, अण्णांनी मुलांना फुकट राबायला शिकवले नाही. त्यांनी 'कमवा' हा शब्द 'शिका'च्या आधी ठेवला. श्रमाला किंमत आहे आणि ती मुलाच्या नावे जमा होते, हा तिथला धडा. आज कितीतरी कॉलेजांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. मुलगा बागेला पाणी घालतो, ग्रंथालयात पुस्तके लावतो, त्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मग त्याच मुलाने बागेसह साऱ्या कॉलेजचा विचार करायला दोन तास बसावे, तर ते तेवढे फुकट का?

एका शंकेचे उत्तर मात्र माझ्याजवळ नाही. नियमाने, विद्यापीठाकडून, खात्यात पैसे आले असते तर तो पोरगा तिसऱ्या सभेत बोलला असता का? कदाचित नाही. समोर प्राचार्य, अध्यक्ष, पुढे अंतर्गत गुण त्यांच्याच कॉलेजात. पैशाने भीती जात नाही. पाकिटाने ती वाढली, एवढेच मी सांगू शकतो.

चौथी सभाही लिलावाच्या दिवशीच आली. माझ्याकडे तो त्याआधी आला होता. पाचशे रुपये त्याच पाकिटात घालून त्याने प्राचार्यांना परत केले होते. ते मिळवायला त्याने चार रात्री एका टेम्पोवर काम केले. प्राचार्यांना वाईट वाटले असणार, आणि ते वाईट वाटणे माझ्यामुळे होते. मी त्याला विचारले, "आता उद्याच्या वाट्याचं काय?" तो म्हणाला, "अब्बांनी मुकादमाला सांगितलंय." काय सांगितले ते मला नंतर समजले. त्या टोळीतल्या तिघांची पोरे त्याच कॉलेजात होती, बाकीच्यांची नव्हती. तरी त्याच्या बापाने सगळ्यांसमोर विषय काढला, आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. मग टोळीतला सर्वांत वयस्कर माणूस म्हणाला, "गेलंय तर आपल्यातर्फे गेलंय असं धरा."

पोरगा सभेला गेला. शुल्काबद्दल बोलला. ते रद्द झाले नाही, दोन हप्त्यांत भरायची सवलत मिळाली. संध्याकाळी वाटप झाले तेव्हा त्याचा वाटा बाजूला काढला होता. इतरांच्या प्रत्येकी वाट्यातून तेवढी कात्री लागलेली. हे न्यायाचे झाले असे मला म्हणवत नाही. कॉलेजच्या कारभाराचा खर्च कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्यांनी का सोसावा?

मुकादमाची वही मी पाहिली आहे. डाव्या बाजूला नावे, उजवीकडे त्या दिवशीची हजेरी, आणि कोण उतरवणीवर, कोण तोलावर, कोण गाडीवर. त्या तारखेला पोराच्या नावापुढे मुकादमाने आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले आहे: कालेजवर.